पत्रूनं लावलेला चुना

मुखरू निकुरे यांचा उरलासुरला डोळा वाचवायची जबाबदारी सगळ्यात आधी ज्याच्यावर येऊन पडली, ते होतं पानाच्या डब्याएवढं एक यंत्र. त्याचं नाव विचारपूस. नागपूरच्या एका मोठ्या नेत्र-रुग्णालयात ते टेबलावर बसायचं आणि डॉक्टरांच्या आधी पेशंटची सगळी हकिकत ऐकून घ्यायचं. घाई नाही, खेकसणं नाही, 'मुद्द्याचं बोला आजोबा' नाही. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना ते डॉक्टरांपेक्षा जास्त आवडायचं.

सुरुवातीला मात्र झाडीपट्टीतल्या लोकांनी त्याची पार भंबेरी उडवली होती. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत डोळ्याला म्हणतात डोरा. 'माहा डोरा दुखते' असं कोणी म्हटलं, की विचारपूस अदबीनं विचारायचं, दोरा कुठे तुटलाय? 'पोटात कावळे ओरडतात' म्हटलं, की ते घाईघाईनं पोटाच्या डॉक्टरांना निरोप धाडायचं. मग कंपनीची माणसं हात धुऊन त्याच्या मागे लागली. त्याला बोली शिकवली, म्हणी शिकवल्या, वाक्प्रचारांची पोतीच्या पोती त्याच्या डोक्यात ओतली. आता ते इतकं तयार झालं होतं, की कोणी 'डोळ्यांत धूळ फेकली' म्हटलं तरी ते धुळीची चौकशी करत नसे. शहाणपणाबरोबर थोडा अतिशहाणपणाही येतो, एवढं मात्र अजून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुखरू निकुरे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर तुम्ही झाडीचे नाही. धान कापून झालं की तिकडे होळीपर्यंत गावोगाव नाटकं चालतात. हजारो माणसं मांडवात चटया टाकून बसतात आणि गावाची इभ्रत नाटकावरून ठरते. या सगळ्या कंपन्यांचं माहेर म्हणजे वडसा, आणि वडशाचे मुखरू निकुरे म्हणजे 'अश्रुसम्राट'. एका रात्री 'सरणावरचा बाप' या नाटकात ते असे काही रडले, की मांडवातल्या बायकाच काय, बंदोबस्ताच्या पोलिसांसकट ध्वनिक्षेपकवालाही रडला. त्या रात्रीपासून ही पदवी त्यांना चिकटली आणि तिच्याबरोबर एक काळा गॉगल. गॉगल त्यांनी पुढची सगळी वर्षं काढला नाही, फक्त रंगमंचावर उतरवायचे. लोक म्हणायचे, स्टाइल आहे.

गॉगलाखाली काय आहे ते त्यांच्या मुलीला, हर्षालीला, यंदा कळलं. ती नागपूरच्या इलेक्ट्रिक बस डेपोत शिफ्ट सांभाळायची. दिवाळीला घरी गेली तेव्हा बाबा तोंड धूत होते आणि डाव्या डोळ्याच्या कडेला, काळं-पांढरं जिथे मिळतं तिथे, तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठा, मोतिया रंगाचा, रक्ताच्या बारीक शिरांनी विणलेला एक उंचवटा होता. बाबा म्हणाले, वडस आहे, डोळ्यावर वाढतं ते साधं मांस, जुनाच आहे, वडशाच्या माणसाला वडस नाही येणार तर कोणाला येईल. विनोद चांगला होता, पण हर्षाली हसली नाही. बाबांचा उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच नेला होता. जे काय दिसत होतं ते या एका डोळ्यानं.

म्हणून ती त्यांना विचारपूससमोर घेऊन बसली.

यंत्रानं आधी नाव, गाव, वय विचारलं, नाटकांचं कौतुक केलं आणि मुखरूंना पार खूश करून टाकलं. मग मुद्द्यावर आलं. डोळ्याला कधी मार लागला होता का? मुखरू म्हणाले, नाही. काटा, काडी, खडा? नाही. वेल्डिंगची ठिणगी? नाही. कोणी कधी काही इजा केली?

"इजा?" मुखरूंनी नाटकातला श्वास घेतला. "पत्रूनं मले चुना लावला. तेच्याहून मोठी इजा कोनती पायजे?"

विचारपूस आवाज मऊ करून म्हणालं की हे ऐकून वाईट वाटलं, जवळच्या माणसानं फसवलं की जखम खोल जाते, आणि हवा असेल तर कायदेशीर मदतीचा नंबर देता येईल. मुखरूंनी गॉगल नाकावर सारखा केला. शेवटी यंत्रानं सारांश वाचून दाखवला: डोळ्याला इजा झाल्याचा इतिहास नाही, नातेवाइकाकडून आर्थिक फसवणूक, त्याचा जुना मानसिक ताण. हर्षालीनं मान डोलावली. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती.

पत्रू म्हणजे पत्रू मोहुर्ले, तिचा सख्खा मामा. एके काळी तो बाबांच्याच कंपनीत रंगभूषा करायचा. दोघं एका ताटात जेवायचे म्हणे. मग ती पाचवीत असताना काहीतरी बिनसलं. तेव्हापासून घरात मामाचं नाव निघालं की बाबा एकच वाक्य म्हणायचे, तेच शब्द, तीच फेक: पत्रूनं मले चुना लावला. पुढे काही नाही. कंपनीच्या गल्ल्यात हात घातला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मामा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. पण आई, बाबांची विमली, भाऊबीजेला ताट घेऊन अंगणात जायची आणि ज्यांना भाऊ नाही त्या बायकांसारखी चंद्राला ओवाळायची. हर्षालीच्या मनात मामाबद्दल जो राग होता तो त्या ताटातून आला होता. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा मामा स्मशानात लांब उभा होता. ती त्याच्याशी बोलली नव्हती.

डॉ. फरहाना काझी मोजकं बोलणाऱ्या होत्या, पण समजावून सांगायला बसल्या की मनापासून सांगायच्या. गाठीचा तुकडा तपासून झाला होता. तो वडस नव्हता. डोळ्याच्या वरच्या कातडीचा कर्करोग होता, सुरुवातीचा, पण हातपाय पसरणारा.

"तुम्ही भाताच्या गावचे ना, मग सोपं आहे," त्या म्हणाल्या आणि पडद्यावर डोळा मोठा करून दाखवला. बुबुळावर काचेसारखं पातळ कातडं असतं, ते रोज झिजतं. नवं कातडं बुबुळाच्या कडेच्या गोल पट्टीत तयार होतं. ती पट्टी म्हणजे पऱ्ह्यांचा, भाताच्या रोपांचा, वाफा. तिथून पेशींची रोपं निघतात, सरकत सरकत पुढे येतात आणि बुबुळभर रोवणी होते. डोळ्याला जखम झाली, की त्या जागी अगदी बारीक विजेचा प्रवाह आपोआप सुरू होतो. तो प्रवाह म्हणजे हाक: इकडे या, इथे भोक पडलंय. पेशी हाकेच्या दिशेनं धावतात, जखम भरते, प्रवाह थांबतो, हाक बंद होते. पण एखादी जखम वरून मिटते आणि आतून मिटत नाही. हाक चालूच राहते, वर्षानुवर्षं. त्यात ऊन, धूर, धूळ. मग एखादी पेशी थांबायचंच विसरते. तिच्या पोटी येणाऱ्या पेशीही थांबत नाहीत. तीच ही गाठ.

पूर्वी अशी गाठ कापून काढायचे, पण ती पुन्हा पुन्हा यायची, कारण हाक चालूच असायची. आता डॉक्टरांकडे एक भिंग होतं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं मिटवणी. ते डोळ्यातला प्रवाह मोजायचं आणि नेमका उलटा प्रवाह सोडायचं. हाक बंद झाली की शहाण्या पेशी जागच्या जागी बसतात, आणि त्या हाकेवरच जगणाऱ्या वेड्या पेशी वाळून डोळ्यातल्या पाण्याबरोबर वाहून जातात. वीज कुठून येते? डोळ्यातल्या पाण्यातूनच. आसवांत मीठ आणि थोडी साखर असते, तेवढ्यावर भिंग चालतं.

"म्हंजे मले रडा लागन," मुखरू म्हणाले. "ते तं माह्या डाव्या हाताचा मय." (मुखरूंच्या तोंडी 'मळ'चा मय होतो. विचारपूसनं ते बरोबर टिपलं.)

भिंगाला एक गोष्ट मात्र माणसानं सांगावी लागायची: हाक कोणत्या अंगानं उठली. पाण्यानं भरलेल्या बांधीकडे, भाताच्या खाचराकडे, नुसतं बघून उतार कळत नाही, पाणी कुठून सोडलं ते विचारावं लागतं, तसंच ते होतं. विचारपूसनं लिहिलं होतं की इजा नाही. म्हणजे उन्हाचा आजार, म्हणजे गाठ आहे तिथूनच हाक उठली. डॉक्टरांनी भिंग तसं बसवलं आणि मुखरूंना डेपोजवळच्या हर्षालीच्या घरी पाठवलं.

पुढच्या तपासणीत गाठ लहान झालेली नव्हती. ती वाढली होती आणि तिचं एक टोक बुबुळावर चढू लागलं होतं.

डॉ. काझींनी भिंग लगेच काढलं. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी लपवाछपवी केली नाही. भिंगानं साठवलेला नकाशा त्यांनी बापलेकीपुढे ठेवला. वाफ्याचा खालचा भाग गप्प होता, तिथून एकही रोप निघत नव्हतं. तो जळालेला होता, आणि जुना जळालेला होता. म्हणजे या डोळ्यात कधीतरी काहीतरी गेलं होतं.

"काय गेलं, ओलं की कोरडं, कुठून ओघळलं, किती वेळ राहिलं, हे मला कळलं तर मी भिंग उलटं फिरवू शकते," त्या म्हणाल्या. "अंदाजानं फिरवलं आणि चुकलं, तर गाठ आत घुसेल. मग मला डोळा काढावा लागेल, काका."

मुखरू खिडकीबाहेर बघत म्हणाले की त्यांच्या डोऱ्यात काही गेलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. हर्षालीनं तीस वर्षं बाबांना रंगमंचावर पाहिलं होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाची भूमिका त्यांना कधीच जमली नव्हती, आणि आत्ताही जमत नव्हती.

घरी परत येताना तिनं विचार केला. बाबांचा चेहरा आईनंतर सगळ्यात जास्त कोणी हाताळला असेल? रोज संध्याकाळी कोणाची बोटं त्यांच्या पापण्यांवरून फिरत होती? उत्तर नको होतं, पण दुसरं सापडेना. तिनं रजा टाकली आणि बाबांना न सांगता वडशाला गेली.

पत्रूमामा ओसरीवर बसून एका जुन्या लाकडी पेटीतले ब्रश पुसत होता. पुसण्याशिवाय त्यांना दुसरं काम उरलं नव्हतं. आता नाटकांत तोंडाला रंग लावत नसत. विंगेत बसवलेले दिवे नटाच्या चेहऱ्यावर उजेडाचा मुखवटा पाडायचे, राजाचा, राक्षसाचा, म्हाताऱ्याचा, हवा तो. रंगभूषाकार एक-एक करून दुकानं थाटून बसले होते. मामा पेटी घेऊन बसला होता.

तिला बघून तो उठला, मग काय करावं ते न कळून पुन्हा बसला. मामीनं पाणी आणलं. हर्षालीनं सरळच विचारलं, बाबांच्या डोळ्यात कधी काही गेलं होतं का?

"तेच्या डोऱ्यात तं मीच खुपलो, पोरी," मामा म्हणाला. "दुसरं काय जाईन?"

आणि मग इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. सारा वडसा म्हणतो, पत्रूनं मुखरूला चुना लावला. बाजारात गेलं की लोक पाठीमागे हसतात. बहिणीच्या दारात जायची सोय उरली नाही, चोर म्हणून कसं जायचं? कंपनीचा एक रुपया खाल्ला असेल तर या हाताला किडे पडोत. हर्षालीनं आधी विश्वास ठेवला नाही. मग मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला ठेवावा लागला. पैसे घेतले नाहीत तर बाबा तसं का म्हणतात, तिनं विचारलं. भांडण तरी कशावरून झालं?

भांडण झालंच नव्हतं. मामा आठवून आठवून सांगू लागला. एका मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री 'सरणावरचा बाप' होतं. शेवटच्या प्रवेशात मेलेला बाप लेकीच्या लग्नासाठी सरणावरून उठून येतो. त्याचं तोंड राखेसारखं पांढरंफटक हवं. ऐन वेळी पेटी उघडली तर सफेद्याची, तोंडाला लावायच्या पांढऱ्या रंगाची, डबी सांडून रिकामी झालेली. बाहेर घंटा वाजलेली. मांडवाशेजारी शाळेची भिंत रंगवणं चाललं होतं, तिथे बादली होती.

"मंग काय लावलं तुमी?" हर्षालीनं विचारलं.

मामानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"चुना," तो म्हणाला. "पोरी, मी तेले चुना लावला."

मामीच्या हातातला पेला तसाच राहिला. पत्रूमामा हळूहळू पुढचं जोडू लागला, आणि जसजसं जुळत गेलं तसतसा तो लहान होत गेला. त्याच रात्री मुखरू रडला होता. सरणावर पडल्यापडल्या घाम फुटला असेल, ओला चुना डोळ्यात उतरला असेल, आणि तो बिचारा न उठता, डोळा न चोळता, पडदा पडेपर्यंत संवाद म्हणत राहिला. लोक रडले. विंगेत मामा रडला. दुसऱ्या दिवशी मुखरू काळा गॉगल लावून आला आणि त्याच्याशी बोलला नाही. मामाला वाटलं, पदवी मिळाली, माजला. आणि मग बाजारातून ते वाक्य त्याच्या कानावर आलं.

मराठी माणसाला चुना लावला म्हटलं की भिंत आठवत नाही, पैसाच आठवतो. विचारपूसचं काय घेऊन बसलात, सख्ख्या मेहुण्यालाही खरा चुना आठवला नव्हता.

हर्षाली नागपूरला परतली ती रागानं पेटून. बाबा पलंगावर रेडिओ ऐकत बसले होते. तिनं रेडिओ बंद केला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. मामाला भेटून आले, म्हणाली. चुना कळला. बाबांनी आधी आवाज चढवायचा प्रयत्न केला, त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवलासच कसा वगैरे. तिनं तो प्रवेश होऊ दिला नाही.

"आई चंद्राला ओवाळायची, बाबा. तिचा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे होता."

मुखरूंनी गॉगल काढून मांडीवर ठेवला. ती सुजलेली गाठ, तो लाल डोळा, आणि त्यामागे घाबरलेला एक म्हातारा माणूस तिला दिसला.

"मी खोटं नाई बोललो," ते म्हणाले. "चुना लावला म्हनलं. लावला होता."

"आणि लोकांना काय कळतंय ते तुम्हाला कळत होतं."

त्यांनी नाही म्हटलं नाही. आधी खरंच राग होता, ते सांगू लागले. पत्रू येऊन माफी मागेल म्हणून वाट पाहिली. पत्रूला काही माहीतच नाही हे मागाहून लक्षात आलं, पण तोपर्यंत सगळी झाडी अश्रुसम्राट म्हणू लागली होती. तारखा मागायला माणसं दारात उभी राहत होती. मग सांगायचं कसं? म्हणून ते वाक्य धरून ठेवलं. खरंही बोलणं झालं आणि झाकलंही गेलं.

"त्या राती मी रडलोच नोतो, हर्षे. माहा डोरा जरून रायला होता. एवढंच."

तिला त्यांची कीव आली, पण राग त्याहून मोठा होता. तिनं सांगितलं की डॉक्टरांचं मामाच्या शब्दावर भागणार नाही. चुना कुठून ओघळला, किती वेळ जळलं, कशानं धुतलं, हे एकाच माणसाला ठाऊक आहे. आणि हे सगळं तिथे नोंदलं जाणार, चारचौघांत जाणार, लपणार नाही.

"डोळा ठेवायचा की पदवी, ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी घासू लागली.

सकाळी ती उठली तेव्हा मुखरू आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दाराशी बसले होते. गॉगल टेबलावरच राहिला होता.

विचारपूससमोर बसून त्यांनी घसा साफ केला.

"लिहून घे. पत्रूनं मले चुना लावला."

आर्थिक फसवणुकीचा ताण अजून जाणवतो आहे याबद्दल सहानुभूती आहे, विचारपूस म्हणालं.

"अरे बयताडा, खरा चुना! भितीले लावते तो! डोऱ्यात गेला माह्या!"

विचारपूसनं आपली आधीची नोंद स्वतःच खोडली आणि एकामागून एक प्रश्न विचारू लागलं. मुखरूंनी सगळं सांगितलं. चुना कालवलेला होता. कपाळावरून नाही, पापणीच्या खालच्या अंगाला लावलेला आत शिरला. पडदा पडल्यावर त्यांनी विहिरीच्या पाण्यानं डोळा धुतला, पण खडे खालच्या पापणीत अडकून राहिले आणि सकाळी आरशात बघून त्यांनी ते धोतराच्या टोकानं काढले. डॉ. काझी दाराशी येऊन उभ्या होत्या, ऐकत. शेवटचं वाक्य झाल्यावर त्या पळत प्रयोगशाळेकडे गेल्या. पन्नाशीची बाई पळताना बघून हर्षालीला पहिल्यांदा वाटलं की आता काहीतरी चांगलं होणार.

उतार सापडला होता. खालचा वाफा जळाल्यामुळे रोपं वरून आणि बाजूनं, आडव्या वाटेनं धावत होती, आणि गाठ होती त्या वाटेवर, वाटेच्या सुरुवातीला नव्हे. पहिलं भिंग त्यांना थांबवायच्या ऐवजी रेटत होतं. डॉक्टरांनी प्रवाह उलटा फिरवला, नकाशा तीनदा तपासला आणि भिंग पुन्हा मुखरूंच्या डोळ्यात बसवलं.

अडचण आता एकच उरली. दुपार झाली की भिंग झोपी जायचं. चुन्यानं आसवांच्या वाटाही सुकवल्या होत्या. दुकानातले थेंब डोळा ओला करायचे, पण त्यावर भिंग चालत नसे, त्याला खरं पाणी हवं होतं. डॉ. काझी हसून म्हणाल्या, काका, तुम्ही तर सम्राट. मुखरूंनी नाटकांतले सगळे मरणप्रसंग आठवून पाहिले, चेहरा वेडावाकडा केला, हुंदके काढले. भिंगाचा दिवा मिणमिणताच राहिला. ते खजील झाले.

त्या आठवड्यात हर्षालीनं मामाला बोलावून घेतलं. पत्रूमामा रुग्णालयाच्या खोलीत शिरला आणि चार पावलांवर उभा राहिला. त्यानं आणलेली पेटी त्याच्या हातात होती, का आणली ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, भाऊजी, मले मालूम नोतं. मुखरूंना उत्तर ठाऊक होतं, रात्रभर पाठ केलं होतं. पण तोंडातून दुसरंच आलं.

"विमलीले तुही वाट पायाले लावली मी," ते म्हणाले. "मेली ती वाट पायता पायता."

मग ते रडले. हुंदका नाही, चेहरा वाकडा नाही, नाटकातलं काहीच नाही. नाक वाहत होतं, सदरा भिजत होता आणि मेहुणा त्यांचं डोकं पोटाशी धरून त्यांच्याहून मोठ्यानं रडत होता. हर्षालीही रडली आणि तिनं ते लपवलं नाही. सिस्टर आत आली, भिंगाच्या पडद्याकडे बघितलं आणि घाईनं डॉक्टरांना बोलावून आणलं. दिवा पूर्ण लागला होता.

त्यानंतर भिंग पुन्हा दुपारी झोपलं नाही. वाट एकदा मोकळी झाली की पाणी येत राहतं असं डॉक्टर म्हणाल्या, आणि त्याचं शास्त्रीय कारणही त्यांनी सांगितलं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. गाठ आधी फिकी पडली. मग तिच्या शिरा सुकल्या. मग एका सकाळी ती धान्याच्या टरफलासारखी सुटून रुमालावर आली आणि मुखरूंनी तो रुमाल सगळ्या वॉर्डात हिंडवला. तपासणीत एकही वेडी पेशी सापडली नाही. डोळ्याच्या तक्त्यावरची खालून दुसरी ओळ त्यांनी धडाधड वाचली आणि नटाच्या सवयीनं टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या मिळाल्या.

गोष्ट तिथेच थांबली नाही. डॉ. काझींनी जुने कागद पुन्हा काढले. तंबाखूच्या पुडीतला चुना डोळ्यात उडालेली मुलं, भट्टीवरचे मजूर, गवंडी, अशी कितीतरी माणसं होती, ज्यांच्या डोळ्यांवर आता इलाज नाही म्हणून शेरा मारून ठेवला होता. त्यांनाही हाच उतार लागू पडला. त्या पद्धतीला डॉक्टर आपसात 'मुखरू नकाशा' म्हणू लागले आणि बघता बघता तेच तिचं नाव झालं. विचारपूसही बदललं. 'माझ्या भावानं मला चुना लावला' असं विदर्भातलं कोणीही म्हणालं, की ते आता हळूच विचारतं, कोणत्या डोळ्याला? बरेच लोक त्यावर भडकतात. पण दर महिन्याला एखादा माणूस डोळ्याकडे बोट दाखवतो आणि सांगू लागतो.

आणि पदवी? मुखरूंनी स्वतःच ती उतरवून ठेवायची तयारी केली होती. गावोगाव फिरणाऱ्या जाहिरातीच्या गाडीवर त्यांनी स्वतः माइक धरला आणि त्या रात्रीचं सगळं सांगून टाकलं. लोक हसले, खूप हसले. मग एका आजीबाईनं विचारलं की डोऱ्यात चुना असताना हा माणूस पडदा पडेपर्यंत उठला नाही, तर याला आणखी मोठी पदवी नको का? नाटक कंपनीचा मालक तिथेच होता, आणि तो धंदेवाईक होता. दुसऱ्या दिवशी भिंतींवर पत्रकं लागली: 'सरणावरचा बाप. मुखरू निकुरे यंदा चुन्याशिवाय रडणार!' तारखा होळीपर्यंत भरल्या.

उजेडाचे मुखवटे मात्र त्यांना चालणार नव्हते. त्या झोताकडे बघायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. तोंडाला रंगच लावावा लागणार होता, हातानं, पूर्वीसारखा. झाडीत तसा हात आता एकाच माणसाचा उरला होता.

पहिला प्रयोग वडशातच होता. शेवटच्या प्रवेशाआधी हर्षाली विंगेमागे गेली. बाहेर मांडव गच्च भरला होता, पोरं मांडवाच्या खांबांवर चढली होती. आत बाबा खुर्चीत बसले होते, आणि पत्रूमामा पेटी उघडी टाकून त्यांच्यासमोर उभा होता. घंटा वाजली. मामाची बोटं डबीपाशी गेली आणि थांबली.

"भाऊजी, लावू?" त्यानं विचारलं.

"लाव बाप्पा काय लावाचं ते," मुखरू म्हणाले. "पन नाव सांगून लाव."

"सफेदा हाये."

मुखरूंनी दोन्ही डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.